लिऑन, १४ जून १९७० : चार्ल्टनला बाहेर का काढले?

विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंड पश्चिम जर्मनीविरुद्ध २-० ने पुढे होते. मेक्सिकोतले भर दुपारचे ऊन; उपांत्य सामना अवघ्या तीन दिवसांवर. प्रशिक्षक आल्फ रॅम्से यांनी ३२ वर्षांच्या बॉबी चार्ल्टनला विश्रांती देण्याचे ठरवले. विश्वचषकात बदली खेळाडूची मुभा प्रथमच मिळाली होती; अशा निर्णयाचा अनुभव होता कुणाला? जादा वेळेत जर्मनी ३-२ ने जिंकली आणि खापर रॅम्से यांच्या माथी फुटले : चार्ल्टन गेला, म्हणून बेकेनबाउअर मोकळा सुटला! वस्तुतः बेकेनबाउअरने गोल केला तेव्हा चार्ल्टन मैदानातच होता. चेंडू निसटला तो आजारी बँक्सऐवजी उभ्या असलेल्या बोनेट्टीच्या अंगाखालून. रॅम्से यांची चूक शोधायचीच, तर २-१ झाल्यावरही त्यांनी बेत बदलला नाही, ही. चार्ल्टन इंग्लंडकडून पुन्हा खेळला नाही.