चार दिवस चहाविना

गेल्या पावसाळ्यात पित्ताचा फार त्रास झाला म्हणून डॉक्टरांनी मला आठवडाभर चहा बंद करायला सांगितला. पहिला दिवस सुखात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून मात्र डोकं असं ठणकू लागलं की वर्तमानपत्र वाचवेना. तेव्हा मला आजी आठवली.

आमची आजी आषाढी एकादशीला चहा सोडायची, तो थेट कार्तिकीपर्यंत. पहिले दोन-तीन दिवस ती कपाळाला सुंठेचा लेप लावून, फडकं बांधून माजघरात पडून असे. आई म्हणायची, "उपासानं पित्त झालंय, लिंबू-सरबत घ्या." आजी म्हणे, "अगं, उपास का मला नवा आहे? हा चहाच सूड घेतोय." आम्ही नातवंडं हसायचो. आजोबा तर सरळ म्हणत, "ढोंग आहे सगळं."

आजीच्या त्या डोकेदुखीला इतिहास आहे. १८१९ साली जर्मन महाकवी गटे यांनी रुंग या तरुण रसायनशास्त्रज्ञाला कॉफीच्या थोड्या बिया दिल्या आणि त्यांत काय आहे ते शोधायला सांगितलं. रुंगनं त्यातून वेगळं काढलेलं द्रव्य म्हणजे कॅफिन. १८२७ साली चहातही एक द्रव्य सापडलं, त्याला 'थेईन' असं नाव मिळालं. पुढं १८३८ साली कळलं, की दोन्ही एकच आहेत. म्हणजे कॉफीवाला आणि चहावाला यांचं भांडण निदान रसायनशास्त्रापुरतं तरी तेव्हाच मिटलं!

त्याच सुमारास आसामात इंग्रजांचे मळे उभे राहत होते. हळूहळू चहा आपल्याकडच्या शहरांतून रुळला. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमधल्या चहावरून टिळक-रानड्यांपर्यंत सर्वांवर प्रायश्चित्ताचा प्रसंग आला, पण तिथं आक्षेप चहाला नव्हता, तो देणाऱ्या हाताला होता. १९०३ साली सरकारनं निर्यात होणाऱ्या चहावर उपकर बसवला. त्या पैशातून पुढं देशभर चहाचा प्रचार झाला, ठिकठिकाणी फुकट कप वाटले गेले. तो कप आजीच्या पिढीच्या स्वयंपाकघरात पोहोचला आणि त्याच्यामागोमाग एक नवी डोकेदुखीही आली.

तिचा छडा १९४३ साली अमेरिकेत लागला. ड्राइसबाख आणि फायफर या दोघांनी काही लोकांना रोज कॅफिन दिलं आणि एके दिवशी त्यांच्या नकळत तशीच दिसणारी, पण कॅफिन नसलेली गोळी दिली. निम्म्याहून अधिक वेळा डोकं भयंकर दुखलं. कारण असं : मेंदूतलं अॅडेनोसिन हे द्रव्य आपल्याला विसावा घ्यायला सांगतं. कॅफिन त्याची जागा अडवून बसतं. रोजच्या चहानं शरीर या अडवणुकीशी जुळवून घेतं. चहा थांबला, की अॅडेनोसिनचं राज्य एकदम जोरात सुरू होतं, डोक्यातल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि ठणका लागतो. तो साधारण १२ ते २४ तासांत सुरू होतो, एक-दोन दिवसांत कळस गाठतो आणि फार तर नऊ दिवसांत जातो. शस्त्रक्रियेपूर्वी उपाशी ठेवलेल्या रुग्णांच्या डोकेदुखीतही या न मिळालेल्या कपाचा हात असतो, हे पुढं ध्यानात आलं. २०१३ साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत या त्रासाला रीतसर जागा मिळाली.

आपण म्हणतो, चहा घेतला की डोकं उतरतं. उतरतं खरं, पण पुष्कळदा ते चढवलेलं असतं कालच्याच चहानं.

चौथ्या दिवशी दुपारी माझं डोकं एकाएकी हलकं झालं. आठवडा संपल्यावर मी पुन्हा चहा सुरू केला, आता दिवसातून एकच कप. आजी मात्र दर वर्षी ते तीन दिवस सोसून चार महिने पार पाडायची. तिनं कारण अचूक सांगितलं होतं. तिच्यावर विश्वास ठेवायला मला पन्नास वर्षं आणि एक डोकेदुखी लागली.