पिढीजात : एका जोड्याच्या दुकानाचा इतिहास

जुन्या पेठांमधल्या दुकानांच्या पाट्या वाचण्यासारख्या असतात. मालकाचे आडनाव, त्यापुढे 'आणि सन्स' किंवा 'बंधू', आणि कोपऱ्यात स्थापनेचे साल. एवढ्याशा मजकुरात एका घराण्याचा इतिहास असतो, निदान तसा दावा असतो. आम्ही कालपरवा आलेलो नाही, हे गिऱ्हाइकाला त्यातून सांगायचे असते. मराठीत यासाठी 'पिढीजात' असा नेमका शब्द आहे. सराफ पिढीजात असला की त्याच्याकडचे सोने निर्धास्तपणे घ्यावे. वैद्य पिढीजात असला की त्याच्या मात्रेला गुण येतो. पण हाच शब्द जोडे शिवणाऱ्याला लावून पाहावा. 'पिढीजात चांभार' म्हटले की त्यातली पत नाहीशी होते आणि उरते ती सक्ती. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ इतके दूर कसे गेले, हे समजून घ्यायचे तर ज्या घराण्याने आपला पिढीजात मोचीपणा अभिमानाने जगभर मिरवला, त्याची कहाणी पाहणे उपयोगाचे ठरेल. ते घराणे म्हणजे बाटा.

आपल्यापैकी अनेकांना हे नाव परके वाटतच नाही. जून महिन्यात शाळा उघडण्याआधी काळे बूट आणि कवायतीच्या तासासाठी पांढरे कॅनव्हासचे जोडे घ्यायला ज्या दुकानात जायचे, ते बाटाचे. ही कंपनी भारतीयच आहे अशी पुष्कळांची प्रामाणिक समजूत असते. मूळ चेक भाषेत या नावाचा उच्चार 'बात्या'च्या जवळ जातो. हे आडनाव मोराव्हियातल्या झ्लिन नावाच्या गावातले. तिथे या कुटुंबात कित्येक पिढ्या जोडे शिवत होत्या. म्हणजे आपल्या भाषेत बोलायचे तर ते पिढीजात मोचीच.

मात्र या दुकानाची सुरुवात वारसा चालवण्यापासून झाली नाही. ती झाली वडिलांच्या कारखान्यातून बाहेर पडण्याने. १८९४ साली टोमाश बाटा, त्याचा भाऊ अँटोनिन आणि बहीण ॲना या तिघांनी दिवंगत आईकडून आलेल्या पैशांवर स्वतंत्र धंदा मांडला. टोमाशचे वय तेव्हा अवघे अठरा. वर्षभरातच पेढी कर्जात बुडू लागली. अँटोनिनला सैन्यात जावे लागले, ॲना लग्न होऊन धंद्यातून बाहेर पडली. चामडे घ्यायला पुरेसे पैसे नव्हते, म्हणून टोमाशने कापड आणि थोडे चामडे यांचा हलका जोडा बनवला, आणि तोच त्याला तारून गेला. 'टी. अँड ए. बाटा' या पेढीच्या नावातला 'ए' अँटोनिनचा. ॲनाचे आद्याक्षरही तेच, पण पाटी वाचणाऱ्याला तिची आठवण होण्याचे कारण नव्हते. घराण्यांच्या इतिहासात बहिणी बहुधा अशाच पहिल्या प्रकरणात येतात आणि दुसऱ्यात दिसत नाहीत.

१९०४ साली टोमाश अमेरिकेला गेला आणि मॅसॅच्युसेट्समधल्या लिन या जोड्यांच्या गावात कामगार म्हणून राबला. यंत्रावर जोडा कसा तयार होतो हे त्याने तिथे पाहिले. पहिल्या महायुद्धात सैन्याच्या बुटांच्या मागणीने कारखाना वाढला. युद्धानंतर चेक चलनाचे मूल्य वधारले, निर्यात थंडावली, कारखाने बंद पडू लागले. तेव्हा १९२२ साली त्याने आपल्या जोड्यांच्या किमती एका फटक्यात निम्म्यावर आणल्या. नऊच्या आकड्यावर संपणाऱ्या किमतीही याच घराण्याने रूढ केल्या. १९२३ साली तो झ्लिनचा नगराध्यक्ष झाला. विटांच्या घरांचे, शाळांचे, रुग्णालयाचे एक आखीव गाव कारखान्याभोवती उभे राहिले. १९२९ साली प्रागच्या वेन्सेस्लास चौकात काचेच्या दर्शनी भिंतीची बहुमजली इमारत उभी राहिली, तेव्हा मोच्याच्या दुकानाचा जणू राजवाडा झाला होता. या चित्राला दुसरी बाजू आहे. कामगार संघटनांना तिथे थारा नव्हता. गाव मालकाचे, घर मालकाचे आणि कामही मालकाचे, अशी ती व्यवस्था होती. तिच्यातले वडीलधारेपण आणि तिच्यातली हुकमत वेगळी काढता येत नाही.

१२ जुलै १९३२ रोजी विमान अपघातात टोमाशचा मृत्यू झाला. पुढचा भाग एखाद्या कौटुंबिक कादंबरीला शोभावा असा आहे. धंदा सावत्र भाऊ यान अँटोनिनकडे गेला. मुलगा तेव्हा सतरा वर्षांचा होता. १९३९ साली जर्मन फौजा आल्या आणि घराणे पांगले. पुतण्या कॅनडात गेला आणि त्याने तिथे 'बाटावा' वसवले. काका अमेरिकेमार्गे ब्राझीलमध्ये पोहोचला, आणि तिथल्या गावांनाही बाटाचे नाव लागले. १९४५ साली मायदेशातल्या कारखान्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९४७ साली यान अँटोनिनला त्याच्या अनुपस्थितीत शिक्षा ठोठावली गेली. त्याला दोषमुक्त ठरवणारा निकाल यायला २००७ साल उजाडले. तोपर्यंत त्याच्या मृत्यूला चार दशके उलटली होती. काका-पुतण्यांमध्ये मालकीवरून दीर्घकाळ कोर्टकज्जे चालले आणि अखेर ताबा पुतण्याकडे राहिला. १९४९ साली तर झ्लिन हे गावाचे नावच बदलून साम्यवादी नेत्याच्या नावावरून 'गॉट्वाल्डोव्ह' असे ठेवले गेले. १९९० साली जुने नाव परत आले, पण कारखाने घराण्याला परत मिळाले नाहीत.

मग या घराण्याने पुढच्या पिढीला दिले तरी काय? वास्तू गेली होती, गाव गेले होते, यंत्रे गेली होती. जोडा शिवण्याचे हातातले कसब तर यंत्राने आधीच निरुपयोगी केले होते. उरले होते एक नाव, आणि ते नाव हीच मिळकत ठरली. कारखाना जप्त करता येतो, गावाचे नाव पुसता येते. पण परदेशांतल्या शेकडो दुकानांवर लागलेली पाटी प्रागमधून उतरवता येत नव्हती.

त्यांतल्या पुष्कळ पाट्या भारतात होत्या. १९३१ साली बाटाची भारतीय कंपनी स्थापन झाली आणि कलकत्त्याजवळ कोन्नगरला काम सुरू झाले. १९३४ साली हुगळीकाठी बाटानगरची पायाभरणी झाली. चेक तंत्रज्ञ तिथे येऊन राहिले. १९७३ साली भारतीय कंपनीचे समभाग जनतेसाठी खुले झाले. पण इथे तारखांपेक्षा एक वेगळी गोष्ट लक्षात घ्यायला हवी. आपल्याकडे खेड्यातला चर्मकार हा बलुतेदार. तो वहाणा करी, मोट शिवी, आणि सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा घेई. गावातल्या प्रत्येकाच्या पायाचे माप त्याला ठाऊक असे, पण त्याचा स्पर्श गावाला चालत नसे. चामडे विटाळाचे आणि चामड्याला हात लावणाराही विटाळाचा. 'पायातली वहाण पायातच बरी' ही म्हण वहाणेविषयी बोलते असे दिसते. प्रत्यक्षात ती माणसांना त्यांची जागा दाखवून देत असते.

अशा समाजात एक दुकान उभे राहते. गिऱ्हाईक बाकावर बसते, आणि समोरच्या उतरत्या घडवंचीवर बसलेला विक्रेता त्याचा पाय हातात घेऊन माप पाहतो. त्या विक्रेत्याची जात कोणी विचारत नाही, कारण तो चांभार नसतो, 'बाटाचा माणूस' असतो. किंमत तळव्यावर छापलेली, म्हणून घासाघीसही नाही. मराठीत 'बाटणे' म्हणजे भ्रष्ट होणे, जातीतून जाणे. उच्चारसाम्य निव्वळ योगायोगाचे आहे. पण ज्या नावात मराठी कानाला 'बाटणे' ऐकू यावे, त्याच नावाच्या दुकानात चामड्याचा विटाळ विरून गेला, ही गोष्ट मौजेची खरीच. पाटीने चामडे शुद्ध करून घेतले. चामड्याचे काम करणाऱ्या हातांच्या वाट्याला मात्र ती शुद्धी आली नाही. विटाळ मालाचा गेला, माणसाचा राहिला.

याची साक्ष कोल्हापुरी चप्पल देते. म्हशीचे कातडे, बाभळीची साल आणि हिरडा यांनी केलेली कमावणी, चामड्याच्या वादीची शिलाई, आणि बहुधा घरातल्या बायकांनी विणलेली वेणी असे हे काम. ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, पण चपलेवर करणाऱ्याचे आडनाव कधी उमटले नाही. 'कापशी' म्हटले तर ते गावाचे नाव, 'कोल्हापुरी' म्हटले तर शहराचे. २०१९ साली महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांसाठी तिला भौगोलिक मानांकन मिळाले. तिथेही नाव प्रदेशाचेच. जून २०२५ मध्ये मिलानच्या प्राडा कंपनीने आपल्या प्रदर्शनात हुबेहूब तशी पादत्राणे मांडली, तेव्हा त्यांचा उल्लेख नुसता चामडी सँडल असा होता. ओरड झाल्यावर कंपनीने कोल्हापुरीचे ऋण मान्य केले आणि पुढे दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करारही केला. इथे हे आठवावे, की प्राडा हेदेखील मुळात १९१३ साली मिलानमध्ये दोघा भावांनी काढलेले चामड्याच्या वस्तूंचे दुकानच आहे, आणि आज त्याची धुरा संस्थापकाच्या नातीकडे आहे. तिथल्या पिढ्या मोजता येतात, त्यांना नावे आहेत. आपल्याकडच्या पिढ्या त्याहून कमी नव्हत्या. त्यांच्याजवळ कसब होते, गिऱ्हाईक होते, साल सांगण्याइतका जुनेपणाही होता. नव्हती ती पाटी. पाटी लावायला आडनाव अभिमानाने उच्चारता यावे लागते, आणि धंदा सोडून जाण्याची मोकळीक असावी लागते. टोमाश बाटाला ती होती. वडिलांचे दुकान तो सोडू शकला, म्हणूनच पुढे 'आम्ही पिढीजात मोची' हे त्याच्या घराण्याला गौरवाने सांगता आले. ज्याला सोडता येत नाही त्याचा वारसा होत नाही. त्याचे जोखड होते.

पुतण्या बाटाची पत्नी सोन्या बाटा हिने टोरांटोत पादत्राणांचे संग्रहालय उभारले. १९९५ साली उघडलेली त्याची इमारत जोड्यांच्या खोक्याच्या कल्पनेवर बेतलेली आहे. तिथे व्हिक्टोरिया राणीचे जोडे आहेत, एल्व्हिस प्रेस्लीचे आहेत. जोडा ओळखला जातो तो घालणाऱ्याच्या नावाने. मोच्यांच्या घराण्यात लग्न होऊन आलेल्या बाईने जमवलेल्या संग्रहातही शिवणाऱ्याचे नाव सहसा सापडत नाही, हे पाहिले म्हणजे वाटते, की दुकानाचा इतिहास लिहिणे त्या मानाने सोपे आहे. तिथे निदान पाटी असते. ज्यांच्या दारावर ती कधी लागलीच नाही, त्यांच्या पिढ्या मोजायला सुरुवात कुठून करायची, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांनाही टाळता येण्यासारखा नाही.