सिरपूरचे माकड आणि जातककथांची शिकवण

माकड आणि मगरीची गोष्ट लहानपणी आजीच्या तोंडून ऐकली नाही, असा मराठी माणूस विरळाच. हीच गोष्ट आपल्या सिलतऱ्यापासून साधारण दोन तासांच्या अंतरावर दगडात कोरलेली आहे, हे मात्र येथे वर्षानुवर्षे नोकरी करणाऱ्या अनेकांना ठाऊक नसते.

महानदीच्या काठचे सिरपूर म्हणजे दक्षिण कोसलची प्राचीन राजधानी. १९५३ ते १९५६ या काळात डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित या मराठी पुरातत्त्वज्ञाने येथे उत्खनन करून भिक्षू आनंदप्रभ याचा विहार उजेडात आणला. पुढे या शतकाच्या आरंभी तीवरदेव विहार सापडला. त्याच्या प्रवेशद्वारावर प्राणिकथांची शिल्पे आहेत आणि त्यांत आपले माकड व मगरही आहेत.

जाणकार ही शिल्पे पंचतंत्रातील मानतात. पण बौद्धांच्या जातकातही ही कथा आहे. पाली जातकसंग्रहात ५४७ कथा आहेत. बुद्ध समोरच्या प्रसंगावरून पूर्वजन्मीची गोष्ट सांगतात आणि शेवटी त्या जन्मी कोण कोण होते, ते उलगडतात.

दोन्हींतला फरक पाहण्यासारखा आहे. पंचतंत्रात माकड मगरीला रोज जांभळे देते आणि मित्रच दगा देतो. मिळालेले कसे गमवावे, याचा तो धडा. जातकात आधीची मैत्री नाही. नदीपलीकडच्या आंबा-फणसाचे आमिष दाखवून मगर माकडाला पाठीवर घेते. काळीज उंबरावर टांगून ठेवले आहे, असे सांगून माकड सुटते. मग ते सूड घेत नाही. पलीकडची फळे नकोत, माझा उंबरच बरा, एवढे म्हणून मोकळे होते. देवदत्त जिवावर उठला आहे, हे कळल्यावर बुद्धांनी ही गोष्ट सांगितली, असे जातकात म्हटले आहे.

आपण सारे पलीकडच्या फळांसाठी नदी ओलांडून आलेलेच आहोत. काळीज मात्र पुष्कळांचे गावाकडच्या झाडावरच राहिले!

यावरचे उत्तर मला महाकपि जातकात सापडते. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात ही कथा चितारली आहे. राजाचे धनुर्धर झाडाला वेढा घालतात, तेव्हा वानरांचा राजा पैलतीरावर उडी घेऊन वेत बांधतो. वेत आखूड पडतो, म्हणून तो स्वतःच फांदी धरून पूल होतो. ८०,००० वानर त्याच्या पाठीवरून पार होतात आणि त्यात त्याचा जीव जातो. प्रजेचे सुख पाहणे हेच राजाचे काम, हे तो मरता मरता माणसांच्या राजाला सांगतो.

मी येथे नवा आलो, तेव्हा एका अनोळखी मराठी घराने महिनाभर मला जेवू घातले. माझ्यासाठी तो पूलच होता. आपले मंडळही अशाच आधी आलेल्यांच्या पाठीवर उभे आहे.

आपली मुले शाळेत हिंदी बोलतात आणि आजी दूर गावी असते. म्हणून या गोष्टी सांगण्याचे काम आता आपले. दुर्गाबाई भागवतांनी जातककथा ‘सिद्धार्थ जातक’ या नावाने मराठीत आणल्या आहेत. रोज रात्री त्यांतली एखादी सांगावी आणि सुटीच्या दिवशी मुलांना सिरपूर दाखवावे. तेथे वासटा राणीने उभारलेले विष्णूचे लक्ष्मण मंदिर आणि बौद्ध विहार एकाच गावात आहेत, हेही त्यांना आवर्जून दाखवावे.

बुद्धिदाता गणराय सर्वांना सुबुद्धी देवो!