काब्बोच्या बरगडीतलं हरीण

टोपी काढून हातात घ्या, डोक्यावर टिकायची नाही. केपटाउनचा आग्नेय वारा सुटलाय. टेबल माउंटनच्या माथ्यावरून ढग खाली ओघळतोय आणि रस्त्यावरची धूळ थेट तुमच्या दातांत. थुंकून टाका आणि चला. 1873 चा फेब्रुवारी आहे, म्हणजे इथला भर उन्हाळा.

किनाऱ्याकडे वळलात की बंदर दिसण्याआधी वास येतो. चिरून, मीठ लावून उन्हात टाकलेला स्नूक मासा. मलाय मासेवाला कर्णा फुंकत गल्लीत शिरतो, घोडे बिचकतात, तुम्ही भिंतीला चिकटता. तेवढ्यात कुठल्याशा स्वयंपाकघरातून हळद-धण्याचा वास येतो आणि तुम्ही थबकता. थबकण्यासारखंच आहे. डच कंपनीने गुलाम म्हणून ज्यांना इथे आणलं, त्यांत बंगालची आणि कोरोमंडल किनाऱ्यावरची माणसंही होती. त्यांचे वंशज याच शहरात राहतात, याच चुलींवर रांधतात.

पुढून ठणठण ऐकू येते ती ब्रेकवॉटरच्या कैद्यांची. समुद्रात बांध घालायला ते दिवसभर दगड फोडतात. 1870 मध्ये या कैद्यांत 28 जण खाम होते, ज्यांना वसाहतवाले बुशमन म्हणतात. उत्तरेच्या कोरड्या माळावरून, शेकडो मैलांवरून आणलेले. तिथले पाणवठे शेतकऱ्यांनी घेतले, बंदुकांपुढे हरणं संपत गेली, आणि उपाशी माणसाने मेंढरू मारलं की त्याचा चोर झाला. आपल्याला भेटायचंय तो काब्बो अशाच आरोपावरून इथे आला, बांधून आणलेला.

आता आगगाडी पकडा. मोब्रे स्टेशन फार लांब नाही. चढताना पाय सटकतो, पण आतून कुणीतरी तुमचा दंड पकडून ओढून घेतं. काब्बोलाही असंच एका बाईने दंड धरून आत ओढलं होतं, नाहीतर तो पडला असता. गाडीत बसायला छान वाटलं, हा त्याचा अभिप्राय नोंदलेला आहे. डोळ्यांत कोळशाची कुसळं घेऊन तुम्ही उतरता आणि चढण चढून विल्हेल्म ब्लीकच्या घरी पोचता. ब्लीक भाषांचा अभ्यासक आहे; काब्बोची खाम बोली टिपून घ्यायला त्याने त्याला घरी ठेवलंय. छातीच्या दुखण्याने पोखरलाय, त्याचा खोकला बाहेरपर्यंत ऐकू येतो. घरात मुलांचा गलबला आहे. टेबलाशी बसलीय ती त्याची मेहुणी, लुसी लॉइड. खाम बोली उतरवलेल्या बहुतेक वह्या तिनेच भरल्यात.

तिच्यासमोर कोट घातलेला म्हातारा काब्बो. त्याची शिक्षा 1871 मध्येच संपली, तरी तो आपणहून थांबलाय. आपल्या गोष्टी पुस्तकांतून लोकांना कळतील, या विचाराने तो हरखून जातो.

त्याचं नाव नीट घ्या बरं. 'का'च्या आधी एक आवाज आहे: बैल हाकताना जीभ गालाच्या कडेला चिकटवून सोडतो ना, तो. 'खाम'च्या आधी वेगळा, हळहळताना दातांमागे काढतो तो 'च्च'. आता दोन्ही एका दमात, वाक्याच्या मध्ये, न अडखळता. जमलं नाही ना? लुसीला हे कानाने टिपून कागदावर उतरवायचंय. सुरुवातीला मोडक्यातोडक्या डचचा आधार होता, आता ती थेट त्याच्या बोलीत विचारते.

खांद्यावरून वाकून बघा, पण शाईला हात लावू नका. पानावर उभे रकाने आहेत, एकात खाम, एकात इंग्रजी. समोरचं पान मागाहून सुचलेल्या खुलाशांसाठी. काब्बो एक वाक्य बोलतो आणि थांबतो. निब कुरकुरतो. तो शांतपणे बघत राहतो. वाक्य कागदावर पूर्ण उतरलं की मगच पुढचं. अशा शेकडो पानांनी या वह्या भरल्यात. तुमच्या काळात ही भाषा बोलणारं कुणी उरलेलं नाही. दक्षिण आफ्रिकेच्या राजचिन्हावरचं वाक्य मात्र खाम भाषेत आहे, आणि ती भाषा अजून सापडते ती मुख्यतः याच रकान्यांत.

आज तो अंगातल्या खुणांबद्दल सांगतोय. ऐकता ऐकता तुमच्याच अंगात काहीतरी सुरू होतं. बरगडीशी ठकठक होते: स्प्रिंगबॉक हरणाच्या कुशीवरचे काळे केस माणसाला स्वतःच्या कुशीत जाणवतात. तळपायांना झुडपांची सळसळ कळते, म्हणजे कळप निघाला. डोळ्यांभोवती हरणाच्या डोळ्यांचा काळेपणा चढतो. शिकार अजून झालेली नाही, तरी मारलेलं हरीण पाठीवर टाकल्यासारखं पोटरीवर रक्त ओघळल्याचं जाणवतं. आणि बापाच्या जुन्या जखमेची जागा आपल्या अंगावर ठणकली, तर पोरांना सांगायचं, आजोबा येतायत, बघा जाऊन. पोरं बघतात. आजोबा येत असतात. या खुणा म्हणजे आमची पत्रं, असं तो समजावतो. दिवसभर कागदावर लिहिणाऱ्या बाईला हे सांगताना त्याच्या स्वरात जराही कमीपणा नाही. तुरुंगाच्या दप्तरात याच माणसाची ओळख डच वळणाचं नाव लावलेला एक चोर एवढीच आहे. ते वाचून इथे आला असाल तर या टेबलाशी आणखी थोडं बसा.

काब्बोला मात्र घरी जायचंय. घर म्हणजे बायको, पोरंबाळं, आणि वाऱ्यावरून लांबून येणाऱ्या गोष्टी ऐकत बसायची जागा. इथल्या लोकांच्या गोष्टी त्याला उमगत नाहीत. जायच्या आधी त्याला एक वस्तू हवी आहे, कबूल केलेली: बंदूक. मागण्यात लाचारी नाही, हिशेब आहे. म्हाताऱ्याच्याने हरणाच्या जवळ पोचवत नाही. बंदूक लांबून मारते, थंडीच्या दिवसांत पोट भरते, म्हाताऱ्याला सांभाळते. सगळं तो पायरीपायरीने मांडतो, प्रत्येक वाक्यानंतर थांबत, आणि लुसी निब शाईत बुडवून बंदुकीचं हे मागणंही रकान्यात उतरवून घेते.