विजेला अडवणारी राळ

विद्युत उपकरणात वीज वाहून नेणाऱ्या तांब्याइतकेच महत्त्व तिला अडवून धरणाऱ्या पदार्थाला असते. विद्युतरोधनाचे हे काम आज प्रामुख्याने खनिज तेलापासून बनणारी इपॉक्सीसारखी कृत्रिम राळ करते. सर्किट बोर्डातील काचतंतूंना तिने एकदा जखडले, की ती पुन्हा वितळत नाही. परिणामी उपकरण निकामी झाल्यावर त्यातील धातू वेगळे काढणे अवघड होते. २०२२ मध्ये जगात सुमारे ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला. त्यापैकी जेमतेम २२ टक्के कचऱ्याच्या रीतसर पुनर्चक्रीकरणाची नोंद आहे. म्हणूनच नैसर्गिक राळेकडे संशोधकांचे लक्ष पुन्हा वळले आहे.

राळ आणि वीज यांचे नाते जुने आहे. ‘इलेक्ट्रॉन’ हा शब्द मूळचा ग्रीक असून त्याचा अर्थ अंबर, म्हणजे वृक्षांची अश्मीभूत राळ, असा होतो. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात सोल्डरिंगसाठी वापरला जाणारा रोझिनही पाइन वृक्षाच्या राळेपासूनच मिळतो.

तथापि झाडातून पाझरणारा प्रत्येक पदार्थ विद्युतरोधक नसतो. विद्यापीठ आणि अभियांत्रिकी संस्थेमुळे परिचित असलेले विष्णुपुरी ज्या नांदेड जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील किनवट-माहूरच्या जंगलांवरून हा भेद समजून घेता येतो. धावड्याचा डिंक पाण्यात मिसळतो आणि हवेतील ओलावा शोषतो. ओलाव्याबरोबर वीज झिरपण्याचा धोका वाढतो. राळ पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलसारख्या द्रावकात मात्र विरघळते. सालईच्या स्रावात डिंक, राळ आणि सुगंधी तेल एकत्र असते. विद्युतरोधनासाठी त्यातील राळ वेगळी काढावी लागेल.

याबाबतीत सर्वाधिक अनुभव आहे तो लाखेचा. पळस, बोर आणि कुसुम या झाडांचा रस शोषून लाखेचे कीटक ही राळ स्रवतात. शुद्ध केलेल्या चपडा लाखेचे वॉर्निश पूर्वी तारांच्या वेटोळ्यांवर चढवले जाई, तसेच अभ्रकाचे पापुद्रे जोडण्यासाठीही ते वापरत. वाढत्या वीजउद्योगाला लाख अपुरी पडू लागली, तेव्हा तिला पर्याय शोधताना लिओ बेकलँड यांनी १९०७ मध्ये बेकेलाइट तयार केले. पुढे कृत्रिम राळेने लाखेला मागे सारले.

२०१३ मध्ये ऑस्ट्रियातील लिंझ येथील संशोधकांनी चपडा लाखेचा उपयोग सेंद्रिय ट्रान्झिस्टरचा आधारस्तर आणि रोधकस्तर म्हणून करून दाखवला. अल्कोहोलमध्ये विरघळणे हा एकेकाळी तिचा दोष मानला जाई. आता तोच गुण ठरू शकतो, कारण राळ विरघळवून धातू आणि सुटे भाग परत मिळवणे त्यामुळे शक्य होते.

मर्यादाही स्पष्ट आहेत. लाख साधारण ७५ अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते, तर शिसेविरहित सोल्डर वितळण्यास २०० अंशांहून अधिक तापमान लागते. त्यामुळे शेतीपंपाच्या मोटारीत किंवा तापणाऱ्या यंत्रात ती टिकणार नाही. अल्पायुषी संवेदक, वेष्टनांवरील इलेक्ट्रॉनिक पट्ट्या, कमी विजेवर चालणारी साधने हेच तिचे क्षेत्र होय.

शिवाय पदार्थ नैसर्गिक आहे म्हणून तो पर्यावरणपूरकच ठरतो, असे नाही. एकोणिसाव्या शतकात समुद्राखालील तारायंत्राच्या तारांवर गटापर्चा या झाडाच्या चिकाचे आवरण असे. त्या चिकासाठी मलाया परिसरातील असंख्य झाडे मुळापासून तोडली गेली आणि सिंगापूरमधून तर ती जवळपास नाहीशी झाली. सालईची सालही वारंवार खोलवर छेदल्यास झाड खचते. लाखेचे तसे नाही. योग्य काळजी घेतल्यास एकाच झाडावरून तिचे पीक पुनःपुन्हा घेता येते आणि झाड उभे राहते. मराठवाड्यात पळस जागोजागी आढळतो. त्याच्या आधारे राळेचा विचार करायचा, तर उत्पादनाइतकाच झाडाच्या विश्रांतीचाही हिशेब मांडावा लागेल.