माझ्या वाटणीचे अर्धा एकर पाणी

आपल्या महिला मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत मीही काही लिहावे, असा आग्रह अध्यक्षाबाईंनी धरला. मी काही लेखिका नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. परंतु पाणी वापर संस्थेच्या निवडणुकीसाठी मी दोनदा अर्ज भरला, हे गावात सर्वांना ठाऊक आहे. तो का भरला, आणि त्याच्या मागे किती जुनी हकीकत आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असेल. म्हणून हे धाडस करते. चुकलेमाकले भगिनींनी सांभाळून घ्यावे.

माझे माहेर पुरंदर तालुक्यातले. तिकडे पाऊस कमी आणि १९७२ च्या दुष्काळात तर लोकांनी खडी फोडून पोट भरले. त्या दुष्काळी कामांवर पुण्याचे एक इंजिनियर व कारखानदार श्री. विलासराव साळुंखे फिरत होते. एवढी माणसे राबतात, पण त्यातून त्यांच्या शेतात पाण्याचा थेंब येत नाही, हे त्यांच्या मनाला लागले. मग नायगाव येथे त्यांनी देवस्थानाची चाळीस एकर पडीक जमीन कराराने घेतली, ताली घातल्या, पाणी अडवले, आणि १९७४ पासून तेथून पाणी पंचायतीचे काम उभे राहिले.

त्या पंचायतीचे नियम ऐकून आजही पुष्कळांना नवल वाटेल. पाणी जमिनीच्या मापाने द्यायचे नाही, माणसांच्या मापाने द्यायचे. माणशी अर्धा एकर, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. ऊस लावायचा नाही. ज्याला जमीन नाही त्याचाही पाण्यात वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नाही.

आमचे दादा अशाच एका गटात होते. घरात आजी, आई, दादा, मी आणि धाकटा भाऊ अशी पाच माणसे, म्हणून आम्हाला अडीच एकराचे पाणी. दादा माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणत, "ही माझी अर्ध्या एकराची लेक!" मला त्याचा अर्थ तेव्हा नीट कळत नव्हता. पण आपण घरात मोजले जातो, एवढे कळत असे. सातवीनंतर माझी शाळा सुटली ती मात्र पिण्याच्या पाण्यापायीच. पुढची शाळा लांब होती, आणि उन्हाळ्यात हंडे आणायला घरात दुसरे कोणी नव्हते.

लग्न होऊन मी इंदापूर तालुक्यात, ह्या आपल्या गावी आले. माहेरी सर्वजणी म्हणाल्या, "भाग्याची आहेस, पाटपाण्याच्या गावात पडलीस." खरोखरच हा नीरेचा डावा कालवा मोठा जुना. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर इंग्रज सरकारने भाटघरचे धरण आणि हा कालवा हाती घेतला व १८८५ साली कालव्याला पाणी आले. पुढे भाटघरला जुन्याच्या जागी मोठे धरण झाले, ते १९२८ चे. कालव्याची लांबी शंभर मैलांच्या आसपास. वरच्या अंगाला बागायत फुलली. आपण पडलो टेलला. आवर्तन सुटले की वरच्या गावांचे भागून जे उरेल ते आपले, आणि तेही बहुधा रात्री. किती रात्री मी ह्यांच्याबरोबर कंदील धरून दारे धरायला उभी राहिले असेन, त्याची गणती नाही. आपल्यापैकी अनेकींच्या हे अंगवळणी पडलेले आहे.

२००५ साली महाराष्ट्रात नवा कायदा झाला. कालव्याचे पाणी सरकारने मोजून संस्थेला द्यावे, आणि संस्थेने ते शेतकऱ्यांत वाटावे. संचालक शिरोभाग, मध्य आणि टेल अशा तिन्ही भागांतून निवडायचे, म्हणजे टेलचा आवाज दबणार नाही. बायकांसाठी जागाही ठेवली. हे सारे मी मंडळाच्या एका बैठकीत ऐकले आणि मनात म्हटले, जी बाई रात्री दारे धरते तिला पाणी कोठे मुरते हे कळते. तिने तेथे बसायलाच हवे. २०१२ साली मी अर्ज भरला.

छाननीच्या दिवशी अर्ज बाद झाला. साहेबांनी शांतपणे सांगितले, "बाई, सभासद जमीनधारक असतो. तुमचे नाव सातबाऱ्यावर नाही." त्यांचे काही चुकले नव्हते. कायदाच तसा होता. परंतु घरी येईपर्यंत माझे पाय जड झाले. पुरंदरात जमीन नसलेल्यालाही पाण्यात वाटा होता, आणि येथे वीस वर्षांजवळ येईतो राबूनही मी पाण्याच्या हिशेबात नव्हते. माहेरच्या जमिनीत लेकीला कायद्याने हक्क मिळाला, पण तो मी हक्कसोड करून भावाला दिलेला. म्हणजे दोन्ही गावांच्या पाण्यात मी शून्य!

त्या रात्री घरात बोलणे निघाले. मोठे भाऊजी म्हणाले, "बायकांनी पाटाच्या भांडणात कशाला पडावे?" तेव्हा मामंजी, जे एरवी मध्ये बोलत नसत, ते म्हणाले, "अरे, ह्याच नीरेच्या अंगाला, बारामती तालुक्यात, निंबुतला १९६३ साली अख्खी ग्रामपंचायत बायकांची होती. तेव्हा नीरा आटली नाही!" सर्वजण हसले, आणि भाऊजीही गप्प बसले.

नाव कसे लावावे, ह्याचा शोध घेताना मला आणखी एक इतिहास समजला. १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन झाले. त्यानंतर श्री. शरद जोशी ह्यांनी लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली. शेतकऱ्याने थोडी का होईना, जमीन आपल्या हाताने पत्नीच्या नावे करावी, असे त्यांनी गावोगाव सांगितले. जळगाव जिल्ह्यातील विटनेर येथे पुरुषांनी ते मनावर घेतले. त्याच गावी १९८९ साली ग्रामपंचायतीवर सगळ्या बायका निवडून आल्या. म्हणजे जमिनीवरचे नाव आणि सभेतली खुर्ची ह्या एकमेकींच्या सख्ख्या बहिणी आहेत, हे त्या बायकांना आमच्या कितीतरी आधी उमगले होते.

ह्यांनी वर्षभर विचार केला. मी तगादा लावला नाही, पण विषयही सोडला नाही. शेवटी वीस गुंठे माझ्या नावे झाले. वीस गुंठे म्हणजे अर्धा एकर. फेरफार मंजूर झाला त्या दिवशी दादांची फार आठवण झाली. ते तोवर गेले होते.

२०१९ साली मी पुन्हा अर्ज भरला, आणि तो टिकला. घरोघर फिरले. मी एकच मागणे मांडले: संस्थेला मोजून किती पाणी आले, आणि शिरोभागाला, मध्याला, टेलला किती गेले, ती वही वार्षिक सभेत सर्वांसमोर वाचावी. काही ठिकाणी चहा मिळाला, काही ठिकाणी "यजमानांना पाठवा, त्यांच्याशी बोलू" असे ऐकावे लागले. मतमोजणी झाली, आणि मी नऊ मतांनी पडले.

खोटे कशाला सांगू, दोन दिवस मी मंडळातही आले नाही. परंतु ज्या वहिनी निवडून आल्या त्या आपल्याच मंडळाच्या सभासद. तिसऱ्या दिवशी त्या स्वतः घरी आल्या आणि म्हणाल्या, "वहीचे तुमचे म्हणणे मला पटले आहे. पण ती वाचायची कशी, ते आधी आपण दोघी शिकू." आम्ही दोघींनी ओसरीवर बसून ती वही लावली. तेव्हापासून ती दर सभेत वाचली जाते, आणि वहिनी सभेला स्वतः जातात, यजमानांना पाठवीत नाहीत. टेलला पाणी भरपूर आले असे म्हणणार नाही. पण कोठे कमी पडले ते आता सर्वांना कळते, आणि कळले की विचारता येते.

मागच्या हळदीकुंकवाला मी सहज विचारले, सातबाऱ्यावर नाव किती जणींचे आहे? बेचाळीस जणींपैकी सात हात वर झाले. भगिनींनो, पुढल्या निवडणुकीच्या आधी आपापला उतारा एकदा काढून पाहा. नाव नसेल तर घरात विषय काढा; भांडू नका, पण सोडूही नका. उतारा वाचायला अडचण आली तर माझ्याकडे या, सातवीच्या शिक्षणात तेवढे बसते.

मी पुन्हा अर्ज भरणार आहे. माझ्याविरुद्ध तुमच्यापैकी दोघीतिघी उभ्या राहिल्या तर मला आनंदच होईल. लोभ असावा, ही विनंती.