पक्षी, चित्रे आणि वर्गणीदार

मासिके वर्गणीदारांवर चालतात, हे या पानांच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. परंतु निसर्गविज्ञानाचे मोठमोठे चित्रग्रंथही एके काळी असेच वर्गणीवर निघत. वर्गणीदार किती मिळतात आणि किती टिकतात, यावर त्या ग्रंथांचे रूपही ठरत असे. आज एखादा चित्रकार गिऱ्हाइकांचे ई-मेलचे पत्ते जमवतो, त्यांना ठरावीक दिवशी नव्या कामाची खबर देतो आणि यादी हळूहळू वाढवत नेतो. हाच उद्योग सुमारे दोनशे वर्षांपूर्वी जॉन जेम्स ऑड्युबॉन याने गावोगाव फिरून केला. त्याच्या ‘बर्ड्‌स ऑफ अमेरिका’ या ग्रंथाची हकिकत आपण पाहू या.

ऑड्युबॉनचा जन्म १७८५ सालचा. केंटकीतील हेंडरसन गावी त्याचे दुकान होते, पुढे गिरणीही होती. १८१९ साली हा सारा व्यापार बुडाला आणि कर्जापायी त्याला तुरुंग पाहावा लागला. त्यानंतर त्याने अमेरिकेतील सर्व पक्षी प्रत्यक्ष आकारात रंगवण्याचा ध्यास घेतला. या काळात घर चालवले ते त्याची पत्नी ल्यूसी हिने, लुइझियानात शिक्षिकेचे काम करून. तिच्या शिल्लक पैशांचाही या उद्योगाला आधार झाला. १८२४ साली फिलाडेल्फियात ही चित्रे छापायला कोणी पुढे आले नाही. तेव्हा १८२६ मध्ये तो चित्रांचे बाड घेऊन इंग्लंडला गेला.

लिव्हरपूल आणि एडिंबरो येथे त्याने चित्रांची प्रदर्शने भरवली, विद्वानांच्या सभांत पक्ष्यांवर निबंध वाचले. एडिंबरोत वैद्यकी शिकणारा तरुण चार्ल्स डार्विन त्याच्या श्रोत्यांत होता. मात्र प्रदर्शन पाहून वाहवा करणारे पुष्कळ असतात. त्यांतून पैसे देणारे किती निघतात, हा खरा प्रश्न होता.

त्यावर ऑड्युबॉनने काढलेला मार्ग असा. पाच चित्रांचा एक हप्ता, किंमत दोन गिनी. वर्षाला पाच हप्ते देण्याचे वचन. हप्ता पोचला की पैसे घ्यायचे आणि त्यातून पुढचा हप्ता तयार करायचा. शेवटी एकूण ८७ हप्ते, म्हणजे ४३५ चित्रे निघाली. गिनी म्हणजे २१ शिलिंग आणि पौंड म्हणजे २० शिलिंग. यावरून संपूर्ण संचाची किंमत १८२ पौंड १४ शिलिंग होते, हा हिशेब विद्यार्थ्यांना करायला देता येईल. एवढी रक्कम एकदम मागितली असती तर फार थोडे लोक पुढे आले असते.

हप्त्याची रचनाही विचारपूर्वक केलेली होती. प्रत्येकात एक मोठा पक्षी, एक मध्यम आणि तीन लहान. पहिल्याच चित्रात रानटी टर्कीचा रुबाबदार नर होता. नुसत्या लहान पक्ष्यांचा हप्ता हाती पडला असता, तर सुमारे एक मीटर उंचीच्या कागदावर मधोमध चिमणीएवढे चित्र पाहून वर्गणीदार हिरमुसला असता. प्रत्येक वेळी पाहण्यासारखे काहीतरी हवे, हे गणित ऑड्युबॉनला उमगले होते.

पण यादी जमवण्यापेक्षा ती टिकवणे अवघड. १८२७ साली एडिंबरोत रंग भरणाऱ्या कारागिरांनी काम थांबवले. तोवर तेथील लिझार्स यांच्याकडे पहिली दहाच चित्रे कोरून झाली होती. मग काम लंडनच्या हॅवेल यांच्याकडे गेले. चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरायचे, काळ्या शाईत छापायचे आणि नंतर प्रत्येक प्रत हाताने रंगवायची, अशी ती रीत होती. त्यामुळे एका प्रतीत रंग सुरेख आणि दुसरीत फिके असे घडे. मग वर्गणीदारांच्या तक्रारी येत, काही जण वर्गणी बंद करत. अमेरिकेत १८३७ साली मोठी आर्थिक मंदी आली आणि आणखी नावे गळाली. काम १८३८ साली पुरे झाले, तेव्हा यादीत सुमारे १६० नावे उरली होती.

या व्यवहाराचे ठसे विज्ञानावरही उमटले. हप्ता आकर्षक ठेवायचा म्हणून जवळच्या नात्यातील पक्षी एकत्र आले नाहीत. वर्गीकरणाचा क्रम बाजूला राहिला. मजकुरासह ग्रंथ काढला असता तर इंग्लंडच्या त्या वेळच्या कायद्यानुसार अकरा ग्रंथालयांना फुकट प्रती द्याव्या लागल्या असत्या. म्हणून चित्रे मजकुराविना निघाली, आणि पक्ष्यांचे वर्णन १८३१ ते १८३९ या काळात पाच खंडांत वेगळे छापले गेले. आरंभी वर्गणीदारांना ४०० चित्रांचे वचन दिले होते. मध्यंतरी पश्चिम अमेरिकेतून नव्या जाती हाती आल्या. हप्ते फार वाढवले तर लोक कुरकुरणार, म्हणून शेवटच्या चित्रांत अनेक जातींची दाटी झाली. निसर्गात त्या अशा एकत्र बसत नाहीत. ती दाटी वर्गणीच्या हिशेबाने घडवलेली आहे.

या अनुभवातून ऑड्युबॉन शिकला. १८४० ते १८४४ या काळात त्याने लहान आकाराची आवृत्ती काढली. शंभर हप्ते, प्रत्येकी एक डॉलर. अमेरिकेत मोठ्या संचाला सुमारे हजार डॉलर पडत होते, येथे शंभरात काम झाले. वर्गणीदार हजारावर गेले आणि घराण्याला खरी कमाई याच आवृत्तीने करून दिली.

एक गोष्ट मात्र नजरेआड करू नये. वर्गणीदारांची नावे सन्मानाने छापली गेली. हजारो पाने रंगवणाऱ्या कारागिरांची नावे चित्रांवर नाहीत. अनेक चित्रांतील फुले-पाने जोसेफ मेसन या किशोरवयीन सहायकाने रंगवली होती, त्याचेही नाव नाही. हेंडरसनला असताना ऑड्युबॉनने गुलामांची खरेदी-विक्री केली होती, हाही इतिहासाचाच भाग आहे.

आणि तरीही या संचाचे मोल मोठे आहे. कॅरोलिना पोपट आणि प्रवासी कबूतर हे पक्षी त्यात प्रत्यक्ष आकारात आहेत. प्रवासी कबुतरांपैकी शेवटचे १९१४ साली आणि कॅरोलिना पोपटांपैकी पाळलेला शेवटचा १९१८ साली सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला. पुढे हे पक्षी नाहीसे होणार, याची त्या वर्गणीदारांना कल्पना नव्हती. ते फक्त हप्त्यामागून हप्ता घेत राहिले. विज्ञानाच्या इतिहासात आपण शोध लावणाऱ्यांची नावे पाठ करतो. ते काम पुरे होईपर्यंत दर खेपेला दोन गिनी कोणी मोजल्या, हा प्रश्नही वर्गात विचारण्यासारखा आहे.